बूच: शब्द आला, झाड तिकडेच राहिलं

आजचा भाग चौकचा आहे. मुंबईबाहेरून ऐकणाऱ्यांसाठी आधी सांगतो, हा चार रस्त्यांचा चौक नव्हे. भाईंदर पश्चिमेहून उत्तनच्या दिशेने गेलात की धारावी बेटाच्या टोकाला, वसईच्या खाडीच्या तोंडाशी, चौक नावाचं कोळ्यांचं गाव आहे. वर टेकडीवर धारावी किल्ल्याचे अवशेष, खाली होड्या आणि पाण्यापलीकडे वसईचा किल्ला. आणि हो, ही धारावी माहीमजवळची नव्हे.

विषय मात्र किल्ल्याचा नाही. विषय आहे हाताने बनवलेल्या गळाच्या काठीची मूठ. कोकणातला माणगा बांबू जवळजवळ भरीव असतो, काठी त्याची करता येते. आमिषाला कोळंबी इथलीच मिळते. पण मुठीसाठी जे बूच लागतं, ज्याला आपण कॉर्क म्हणतो, ते येतं पोर्तुगालमधून. आणि ज्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांनी दोनशे वर्षं राज्य केलं, तिथे ते मिळत नाही! असं का? त्याचं उत्तर शोधताना आधी एका शब्दाची गोष्ट लागते.

१५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि आसपासचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. त्या मोहिमेत खाडीच्या तोंडावरच्या या धारावी बेटाला मोठं महत्त्व होतं, कारण वसईला समुद्रातून येणारी मदत इथूनच अडवता येत होती. मधल्या दोन शतकांत पाव, बटाटा, चावी, बादली, पगार असे कितीतरी शब्द मराठीत रुजले. 'बूच' त्यातलाच. गोव्याचे भाषापंडित सेबास्तियाँव रोदोल्फो दाल्गादो यांनी १९१३ मध्ये आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात 'बुशा' या पोर्तुगीज शब्दाशी त्यांनी आपल्या 'बूच'चं नातं लावलं आहे. आज लिस्बनमध्ये 'बुशा' म्हणतात, पण जुन्या पोर्तुगीज उच्चारात तिथे 'च' होता. आपण तो 'च' अजून जपून ठेवलाय.

आता गंमत बघा. 'बुशा' म्हणजे बोळा, भोक बंद करणारी वस्तू. ज्या सालीपासून ती वस्तू बनते, तिला पोर्तुगीजमध्ये 'कोर्तिसा' म्हणतात. तो शब्द मराठीत आलाच नाही. म्हणजे आपल्याकडे पोचलं ते बाटलीच्या तोंडातलं तयार बूच. साल कुठल्या झाडाची, ती कशी काढतात, ही विद्या तिकडेच राहिली.

आणि कोळ्यांना त्या सालीची गरज तरी कुठे होती? भूमध्य समुद्राकडचे मच्छीमार फार पूर्वीपासून जाळी तरंगत ठेवायला कॉर्क वापरत. रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकातच तसं लिहून ठेवलंय. आपल्याकडे त्या कामाला पांगाऱ्यासारखं हलकं लाकूड होतं. इथली पोट भरणारी मासेमारी जाळ्यांची, डोल हे त्यातलं मुख्य जाळं. गळ होता, पण तो दोरीला. हातात धरायची मूठ त्याला नव्हतीच.

मूठ आली ती साहेबाच्या शौकाबरोबर. मद्रास सरकारच्या नोकरीतले हेन्री सलिव्हन थॉमस यांचं 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक १८७३ मध्ये मंगळूरहून निघालं. महाशीर पकडायला कसली काठी, कसला गळ, सगळं त्यात आहे. त्याच काळात अमेरिकेतले कारागीर बांबूच्या पट्ट्या जोडून सहा बाजूंच्या काठ्या बनवू लागले होते, आणि त्यांचा सुरुवातीचा बांबू आपल्याकडचा होता. बाजारात त्याला 'कलकत्ता केन' म्हणत. तेव्हा मुठी लाकडाच्या किंवा वेत गुंडाळलेल्या असायच्या. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे कॉर्कची मूठ रूढ झाली. म्हणजे बांबू भारताचा, साल पोर्तुगाल-स्पेनची आणि दोन्ही एकत्र आले तिसऱ्याच देशात.

कॉर्कच का? त्यात हवेने भरलेल्या बारीक बंद पेशी असतात. रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये कॉर्कचाच काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि 'सेल' हा शब्द वापरला. या पेशींमुळे मूठ हलकी राहते, पाणी पीत नाही आणि ओल्या हातातून सहसा सटकत नाही. खाऱ्या पाण्यात तास न् तास काठी धरणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

पण ही साल मिळवायला धीर लागतो. झाड साधारण पंचवीस वर्षांचं झालं की पहिल्यांदा सोलतात. पुढची सोलणी किमान नऊ वर्षांनी. खोडावर वर्षाचा शेवटचा आकडा रंगवून ठेवतात, म्हणजे कधी सोललं ते कळतं. पहिल्या दोन वेळची साल खडबडीत, चांगली बुचं तिसऱ्या वेळेपासून. म्हणजे लावलेल्या झाडाचा उत्तम माल मिळायला चाळीसहून जास्त वर्षं लागतात. शिवाय त्यातला सगळ्यात चांगला वाइनच्या बाटल्यांकडे जातो. मुठीच्या चकत्या महाग का, ते इथे कळतं.

साधारण अर्धा इंच जाडीच्या चकत्या एकमेकींना चिकटवायच्या, लेथवर फिरवायच्या आणि पॉलिश पेपरने आकार द्यायचा. सहा इंचांच्या मुठीला बारा चकत्या. खडकावरून लांब फेकायच्या काठीला वीस इंचांची मूठ हवी, तर चाळीस!

मग लोक जुगाड करतात. वाइनची बुचं जमवतात. पण साधं बूच जेमतेम २४ मिलिमीटर रुंद. मधून काठीसाठी भोक पाडलं की भिंत पातळ उरते. बारीक काठीला चालेल, जाडीला नाही. इंजिनाच्या पॅकिंगचा रबर मिसळलेला कॉर्क टिकाऊ असतो, पण जड. मोठी फसगत होते ती आपल्या भाषेमुळे. आपल्याकडे बुचाचं झाड आहेच ना! रात्री ज्याची पांढरी फुलं गळतात, ज्यांची दोऱ्याशिवाय वेणी करतात, ते. हे झाड मूळचं ब्रह्मदेशाकडचं. त्याची साल कॉर्कसारखी दिसते, म्हणून त्याला हे नाव पडलं. कॉर्कला स्वस्त पर्याय म्हणून ती वापरलीही गेली, पण हलक्या प्रतीची म्हणूनच. तिची मूठ करायला जाऊ नका. नाव एक असलं तरी झाडं दोन आहेत, आणि दोघांचं आपसात काही नातं नाही.

मग चौकच्या खडकावर उभ्या राहणाऱ्याने करायचं काय? मला वाटतं, मुठीचा जो भाग तळहातात येतो, तेवढ्यापुरत्या चांगल्या चकत्या विकत घ्याव्यात. बाकी दांड्याला वेत किंवा घट्ट दोरी गुंडाळावी. कॉर्क रूढ होण्याआधी वेत गुंडाळतच होते, त्यात कमीपणा काही नाही.

जाता जाता एक विनंती. जाळ्यांना आता प्लास्टिकचे बोये आलेत. तुमच्या घरी, माळ्यावर किंवा पडवीत, आजोबांच्या जाळ्याचे लाकडी तरंगे पडले असतील, तर चुलीत घालू नका. लाकूड कुठलं, ते कुठून आणायचे, त्याला घरात काय म्हणायचे, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून ठेवा आणि आम्हाला कळवा. पोर्तुगीजांच्या बुचाची नोंद दाल्गादोंनी केली. आपल्या तरंग्यांची नोंद आपणच करायची आहे.

भेटू पुढच्या भागात.