व्यवहार मोबाईलवर, निर्णय बैठकीत

पुणे-सोलापूर महामार्गावरील चिंचोळी एमआयडीसीत कच्च्या मालाचे पैसे भ्रमणध्वनीवरून क्षणार्धात चुकते करता येतात. नवे यंत्र घ्यावे की नाही, हे ठरविण्यासाठी मात्र भागीदारांना टेबलाभोवती बसावे लागते. पहिल्या व्यवहाराला 'मोबाईल कॉमर्स' म्हणतात. दुसऱ्यासाठी संगणकाची मदत घेतली, तर तो 'संगणकसाहाय्यित समूहनिर्णय' ठरतो. माहिती प्रणाली ही विद्याशाखा या दोहोंचा अभ्यास करते.

समूहनिर्णयाचे संशोधन अधिक जुने आहे. जेरार्डिन डीसँक्टिस आणि ब्रेंट गॅलुप यांनी १९८७ मध्ये 'मॅनेजमेंट सायन्स' या नियतकालिकात त्याची सैद्धांतिक मांडणी केली. अॅरिझोना विद्यापीठात जे नुनामेकर यांनी अशा बैठकींसाठी खास दालने उभारली. प्रत्येकाने आपल्या संगणकावर सूचना लिहायची, ती नावाविना सर्वांना दिसायची आणि मग मतदान. वरिष्ठ बोलून गेल्यावर कनिष्ठ गप्प बसतात, हा अनुभव कोणत्या कचेरीला नाही? नाव झाकल्याने सूचना वाढल्या. एकमत होण्यास मात्र अनेकदा अधिक वेळ लागतो, असेही प्रयोगांत दिसले.

मोबाईल व्यवहाराचा आरंभ १९९७ मध्ये हेलसिंकीत झाला, असे मानले जाते. तेथे लघुसंदेश पाठवून यंत्रातून शीतपेय घेता येऊ लागले. महाराष्ट्रातील बोलके उदाहरण वारणानगरचे आहे. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांसाठी १९९८ मध्ये 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला आणि गावोगावी संगणक केंद्रे उघडली. प्रत्यक्षात शेतकऱ्याचे प्रश्न मोजकेच होते: उसाचे वजन किती भरले, खताचा हिशेब काय. एवढ्यासाठी संगणक, वीज आणि देखभालीचा भार कशाला? मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी सात गावांत आठ महिने संगणकाऐवजी लघुसंदेशाची व्यवस्था चालवून पाहिली. संगणकावरची सर्व कामे तीत झाली. ती स्वस्त, सोयीची आणि शेतकऱ्यांना अधिक पसंत ठरली, हा निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाला.

तोड लांबली की उसाचे वजन घटते, हे सोलापूर जिल्ह्यातील ऊस उत्पादकांना सांगावे लागत नाही. वारणेच्या प्रयोगाने माहिती शेतकऱ्याच्या हाती दिली. तोडीचा क्रम ठरविण्यात त्याला वाटा देणे हा त्याचा हेतू नव्हता. माहिती मिळणे आणि निर्णयात सहभाग असणे यांत अंतर आहे, आणि संशोधनाचा खरा कस तेथेच लागतो.

पैशांच्या देवघेवीत २०१६ मध्ये आलेल्या 'यूपीआय'ने मोठी मजल मारली. २०२२ मध्ये ती सोय साध्या फोनवरही आली. निर्णयाच्या बाजूला २०१३ च्या कंपनी कायद्याने इलेक्ट्रॉनिक मतदानाला जागा दिली. त्यामुळे चिंचोळीत कारखाने असलेल्या बालाजी अमाइन्स किंवा प्रिसिजन कॅमशाफ्ट्स यांसारख्या, शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचा भागधारक सभेला न जाताही ठरावावर मत देऊ शकतो. अर्थात त्याच्यापुढे ठराव तयार होऊनच येतो. त्याने 'होय' किंवा 'नाही' एवढेच सांगायचे असते. डीसँक्टिस-गॅलुप यांच्या मांडणीत मतदानाची सोय ही पहिली पायरी आहे. पर्यायांची तुलना करून देणारी प्रणाली तिच्या पुढची.