नवा संगणक घ्या, पण प्रोग्रॅम का टाकता?

पतसंस्था, अडत दुकान, औषधांची एजन्सी, साखर कारखान्याचा शेतकी विभाग, कुठेही जुना संगणक बंद पडला की एकच सल्ला मिळतो: डॉसचा जमाना गेला, फॉक्सप्रोतलं पॅकेज नव्या मशीनवर चालणार नाही, प्रिंटरसकट सगळं बदला. असं म्हणणारे सगळेच विक्रेते नसतात. हिशेबनीस, लेखापरीक्षक, घरातली शिकलेली मुलंही हेच सांगतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, ते आधी मान्य करतो. ६४ बिट विंडोजवर डॉसचा प्रोग्रॅम खरोखरच उघडत नाही. विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्ती निघालीच नाही आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पण एवढ्यावरून ‘चालणारच नाही’ असं म्हणणं चूक आहे.

मुळात तो का उघडत नाही? ३२ बिट विंडोज डॉसचे प्रोग्रॅम प्रोसेसरच्या ‘व्हर्च्युअल ८०८६’ या खास अवस्थेत चालवत असे. प्रोसेसर ६४ बिट अवस्थेत गेला की ही सोय राहत नाही. म्हणून मायक्रोसॉफ्टनं एनटीव्हीडीएम हा भाग ६४ बिट विंडोजमध्ये दिला नाही. प्रोग्रॅम होता तसाच आहे, त्याच्या आणि मशीनच्या मधला दुवा गेला आहे आणि तो सॉफ्टवेअरनं पुन्हा उभा करता येतो. यावर जाणकारांची हरकत असते की असा दुवा उभा करणारं डॉसबॉक्स खेळांसाठी आहे. बरोबर आहे, त्याचे कर्तेही तेच सांगतात. दोन काउंटरवरून एकच खतावणी उघडायची असेल तर रेकॉर्ड लॉकिंग लागतं, बिलं छापायची असतात, आणि त्यासाठी मूळ डॉसबॉक्सवर विसंबू नये. पण नेमक्या याच कामासाठी, म्हणजे अक्षरांच्या पडद्यावर चालणाऱ्या व्यावसायिक प्रोग्रॅमसाठी, व्हीडॉस लिहिलं गेलं. ते लॉकिंग सांभाळतं आणि एलपीटी१ वर पाठवलेला मजकूर विंडोजच्या प्रिंटरकडे पोचवतं. क्लिपरमधल्या पॅकेजचा सोर्स हाती असेल तर आणखीच बरं: हार्बर या मुक्त कंपायलरवर त्याचा आजच्या विंडोजचा प्रोग्रॅम तयार होतो.

सुरक्षेचा मुद्दाही इथेच निकाली निघतो. जुन्या पॅकेजसाठी ठेवलेल्या विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला. तसं मशीन इंटरनेटला जोडणं हा सभासदांच्या पैशांशी खेळ आहे, याबद्दल माझा वाद नाही. पण व्हीडॉस चालतं ते अद्ययावत विंडोजवर. जुना प्रोग्रॅम ठेवण्यासाठी जुनी विंडोज ठेवावी लागते, हे गृहीतकच मला मान्य नाही.

आता उपकरणं. गैरसमज इथे सर्वांत जास्त आहेत. उसाच्या गाड्या तोलणारा वजनकाटा घ्या. त्याचा इंडिकेटर सीरियल केबलवरून वजनाचे आकडे साध्या अक्षरांत पाठवत असतो. नव्या संगणकाला ते पोर्ट नसतं, म्हणून यूएसबी कन्व्हर्टर लावतात, आणि तरीही पडद्यावर वजन येत नाही. लगेच काटा बदलायची भाषा सुरू होते. बहुतेक वेळा घडलेलं एवढंच असतं की विंडोजनं त्या कन्व्हर्टरला कॉम ७ असा नंबर दिलेला असतो आणि जुना प्रोग्रॅम कॉम १ ते ४ च्या पुढे पाहत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमधून नंबर बदलायचा आणि बॉड रेट काट्याशी जुळवायचा. एवढ्या कामासाठी चालू काटा काढायला लावणं मला अक्षम्य वाटतं.

डॉट मॅट्रिक्स प्रिंटरला तर उगाच बदनाम केलं आहे. ई-इन्व्हॉइस लागू नसलेल्या व्यापाऱ्याला मालाचं बिल जीएसटी नियम ४८ प्रमाणे तीन प्रतींत करावं लागतं. कार्बन लावलेल्या कागदावर पिनांच्या एकाच फटक्यात तिन्ही प्रती उमटतात, लेझरला तेच पान तीनदा छापावं लागतं. २०१७ चा कायदा या जुन्या प्रिंटरच्या सोयीचा निघाला. टीव्हीएस आणि एप्सन असे प्रिंटर आजही बनवतात.

जिथे हार मानावी लागते ती जागाही सांगतो. पॅरलल पोर्टवर लावायचा हार्डवेअर लॉक असेल, तर यूएसबीची केबल कामाची नाही. ती संगणकाला नुसता प्रिंटर दिसते, आणि प्रोग्रॅम मात्र पोर्टच्या ठरलेल्या पत्त्यावर लॉक शोधत असतो. तिथे पॅकेजच्या मूळ लेखकाला गाठावंच लागतं. जीएसटीची विवरणपत्रंही नव्या सॉफ्टवेअरनंच भरावीत. त्यासाठी सभासद खतावणी मोडायचं कारण नाही.

उरला मराठीचा प्रश्न. ‘जिस्ट कार्डावरची नावं आता वाचता येणार नाहीत, पुन्हा टाइप करा,’ असं सांगतात तेव्हा मला राग येतो. पडद्यावर मराठी दाखवणारं सी-डॅकचं ते कार्ड आयएसए स्लॉटमध्ये बसायचं. तो स्लॉट आता नाही, हे खरं. पण कार्डामागची मराठी इस्की संकेतात आहे, आणि युनिकोडमधला देवनागरीचा तक्ता इस्कीच्याच १९८८ च्या मांडणीवर बेतलेला आहे. छोटासा रूपांतर प्रोग्रॅम हजारो सभासदांची नावं युनिकोडमध्ये आणतो. पुन्हा टाइप करताना आडनावांत होणाऱ्या चुका ठेवीदाराला पुढे वारसनोंदीच्या वेळी भोवतात.

आणि माहिती कुठल्या तिजोरीत कोंडलेलीही नाही. डीबीएफ फाइलची रचना सर्वांना ठाऊक आहे: वर शीर्षभाग, खाली ठरावीक लांबीच्या नोंदी. पुसलेल्या नोंदीपुढे नुसतं फुलीसारखं चिन्ह लागतं, पॅक करेपर्यंत ती फाइलमध्येच असते. लिब्रेऑफिसमध्ये ही फाइल सरळ उघडते. म्हणून संचालक मंडळानं नव्या कोटेशनवर सही करण्याआधी जुन्या डिस्कवरचं सगळं फोल्डर दोन ठिकाणी उतरवून घ्यावं, नव्या संगणकावर व्हीडॉसमध्ये तेच पॅकेज चालवावं आणि गेल्या महिन्याची तेरीज काढून छापील तेरजेशी पैशापैशानं ताडून पाहावी. जुळली, तर कोटेशन देणाऱ्याला बदलाचं कारण लेखी मागावं.