आतड्यातील राखणदार

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाश्चर व कॉख यांच्या संशोधनामुळे जंतू म्हणजे रोग हे समीकरण युरोपात पक्के झाले. अशा काळात आतड्यातील काही जंतू मनुष्याचे रक्षण करतात असे म्हणावयास धैर्य लागे. ते धैर्य ज्यांनी दाखविले त्यांत जर्मनीतील फ्रायबुर्ग येथील आल्फ्रेड निस्ले हे वैद्य प्रमुख होत.

एशेरिखिया कोलाय हा जंतू निरोगी मनुष्याच्या आतड्यात नेहमीच वस्ती करून असतो. निस्ले यांनी निरनिराळ्या माणसांच्या विष्ठेतून तो वेगळा काढला आणि विषमज्वराच्या जंतूंसोबत एकत्र वाढवून पाहिला. काहींचा कोलाय दुबळा ठरला, तर काहींच्या कोलायने विषमज्वराच्या जंतूंस डोके वर काढू दिले नाही. जात एकच, पण वाण निराळा व सामर्थ्यही निराळे, हे त्यांनी १९१६ साली प्रसिद्ध केले. पहिले महायुद्ध चालू होते. बाल्कन प्रदेशात सैनिक आमांशाने जर्जर झाले असता एक सैनिक मात्र धडधाकट राहिला होता. १९१७ साली निस्ले यांनी त्याच्याच विष्ठेतून एक बलवान वाण मिळविला आणि कुप्यांत भरून तो रुग्णांस देण्यास आरंभ केला. पेनिसिलिनचा शोध लागावयास अद्याप अकरा वर्षे होती, हे वाचकांनी ध्यानी घ्यावे. गोमंतकातील गावोगावी सीमेवर राखणदार असतो, तसा हा आतड्यातील राखणदार म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

प्रतिजैविके आली तेव्हा हा विचार मागे पडला. गंमत अशी की, त्याची सत्यता प्रतिजैविकांनीच सिद्ध केली. १९५४ साली शिकागो येथे बोनहॉफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांस स्ट्रेप्टोमायसिन पाजले. एरवी ज्या उंदरांस बाधा होण्यास सुमारे १,००,००० साल्मोनेला जंतू लागत, त्यांस आता दहाहूनही कमी जंतू पुरले. राखणदार हटला, की दार उघडे!

ही राखण कशी चालते? रोगजंतूस वाढीकरिता लोह लागते. निस्ले यांचा जंतू ते आधीच ओढून घेतो. शिवाय तो मायक्रोसिन नामक विषारी द्रव्ये सोडून आपल्या जवळच्या आप्तांस मारतो, आणि आतड्याच्या अस्तरास स्वतःची संरक्षक द्रव्ये निर्मावयास उद्युक्त करतो. आतड्यातील दुसरे काही जंतू न पचलेल्या कोंड्या-सालींपासून ब्युटिरिक आम्ल तयार करतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे तेच मुख्य अन्न. त्याच्या योगाने दाह आवरून धरणाऱ्या पांढऱ्या पेशींसही बळ मिळते.

येथे कोणी म्हणेल, ग्रहणीवर ताक द्यावे असे चरकसंहितेत सांगितलेच आहे. सांगितले आहे खरे. परंतु त्यावरून प्राचीनांस जंतूंची ही सारी विद्या अवगत होती असे ठरविणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. ताकातील जंतू बहुधा वाटसरू असतात. आतड्यात कायमचे बिऱ्हाड करीत नाहीत.

१९५८ साली अमेरिकेतील डेन्व्हर येथे आयझमन यांनी आतड्याच्या घोर दाहाने ग्रासलेल्या चार रुग्णांस निरोगी माणसाच्या विष्ठेचे द्रावण बस्तीवाटे दिले, व ते बरे झाले. वाचून किळस वाटेल, पण २०१३ साली नेदरलँड्समध्ये याच मार्गाची रीतसर परीक्षा झाली. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूची बाधा पुनःपुन्हा होणाऱ्या १६ रुग्णांपैकी १३ जण निरोगी विष्ठेचे द्रावण नळीने लहान आतड्यात एकदाच सोडल्याने बरे झाले. केवळ व्हँकोमायसिन दिलेल्या १३ पैकी अवघे ४.

निस्ले यांच्या वाणाचे काय झाले? २००४ साली व्रणयुक्त बृहदांत्रदाहाच्या ३२७ रुग्णांवरील परीक्षेचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. वर्षभरात हा जंतू घेणाऱ्यांपैकी शेकडा सुमारे ३६ जणांचा रोग उलटला, तर मेसालाझिन या रूढ औषधाखाली सुमारे ३४ जणांचा. म्हणजे दोहोंची योग्यता जवळजवळ सारखीच. मात्र पेशीतील जनुकद्रव्यास इजा करणारे कोलिबॅक्टिन नामक द्रव्य बनविण्याची जनुकेही याच वाणात आढळली आहेत. ती काढून टाकली तर त्याचा गुणही जाईल काय, या प्रश्नाने संशोधकांस गुंतवून ठेवले आहे.