नानांचा चाकू

आमच्या घराण्यात इस्टेट म्हणावी असं फारसं काही नाही. एक पितळी घंगाळ, थोड्या पोथ्या आणि एक चाकू. मिटवला की बोटभर लांबीचा, दोन पात्यांचा, पिवळट पांढऱ्या मुठीचा. आत्याच्या देवघरात एका डब्यात तो असतो. आम्हा भावंडांना लहानपणी तो फक्त लांबून बघायला मिळे, आणि सोबत गोष्ट ऐकायला मिळे. ती अशी की, पणजोबा कलेक्टर कचेरीत कारकून होते. १८९७ साली राणीच्या राज्याला साठ वर्षं झाली, तेव्हा साहेबाने खूश होऊन स्वतःच्या खिशातला हस्तिदंती चाकू त्यांना दिला.

गोष्ट झकास आहे. मी ती शाळेत निबंधातसुद्धा लिहिली होती!

परवा न्यू जर्सीच्या चुलतभावाचा फोन आला. तिकडे जुने चाकू जमवणारे लोक असतात म्हणे, आणि व्हिक्टोरियाच्या काळातल्या हस्तिदंती शेफील्ड चाकूला बरी किंमत येते. "जरा नीट फोटो काढून पाठव." म्हणून मी भिंग घेऊन आत्याकडे गेलो. एवढ्या वर्षांत चाकू पहिल्यांदाच हातात घेतला.

खिशातल्या चाकूचं वय बघायचं तर मुठीकडे बघून भागत नाही. पातं उघडायचं आणि त्याच्या बुडाशी, जिथे धार नसते त्या जाडसर भागावर बघायचं. बनवणारा आपली खूण तिथे ठोकतो. आमच्या चाकूवर जोसेफ रॉजर्स अँड सन्स, शेफील्ड, असं होतं. शेजारी तारा आणि माल्टीज क्रॉस. हे शेफील्डमधलं फार नावाजलेलं घराणं, राजघराण्याला चाकू पुरवणारं. कंपनीच्या नावात 'डी' आहे हे आधी तपासायचं, कारण ज्याचं नाव मोठं त्याच्या नकला फार, आणि नकलेत नेमकं एखादं अक्षर इकडचं तिकडे असतं. आमच्यात 'डी' होता. हुश्श!

रॉजर्सच्या खुणेत बरेचदा मुकुट असतो आणि त्याच्या दोन बाजूंना दोन अक्षरं. राणी व्हिक्टोरियाच्या काळात व्ही आणि आर. १९०१ ला ती गेली, सातवा एडवर्ड आला, मग ई आणि आर. १९१० नंतर पाचवा जॉर्ज, जी आणि आर. १८९७ च्या चाकूवर अर्थातच व्ही हवा.

मी भिंग धरलं. गंज होता, पण अक्षर स्पष्ट होतं. जी.

दोनदा पुसून पाहिलं. मग वाटलं, जॉर्ज तर आधीही होऊन गेले! चौथा जॉर्ज १८३० पर्यंत राजा होता. म्हणजे चाकू उलट आणखी जुना? (माणूस काय काय आशा करतो बघा.) पण त्याच खुणेत खाली 'इंग्लंड' असं देशाचं नाव होतं. अमेरिकेने १८९० साली कायदा केला की परदेशी मालावर देशाचं नाव हवंच, आणि १८९१ पासून ते चाकूंवर सर्रास दिसू लागलं. हिंदुस्थानात येणाऱ्या मालाला तो कायदा लागू नव्हता, त्यामुळे नाव नसलं तर काहीच सिद्ध होत नाही. पण असलं तर १८३० च्या आधीचा चाकू म्हणणं कठीण. पातं साध्या पोलादाचं, लिंबू कापलं की काळं पडणारं. स्टेनलेस पोलाद शेफील्डलाच १९१३ मध्ये हॅरी ब्रिअर्लीच्या हातून निघालं. पण साधं पोलाद त्यानंतरही कित्येक वर्षं वापरात होतंच, तेव्हा त्यावरूनही 'त्याआधीचा' असं म्हणता येत नाही.

ह्या सगळ्या खुणांची गंमत हीच आहे. चाकू अमुक सालाच्या आधीचा नाही, एवढंच त्या ठामपणे सांगतात. नंतरचा किती, ते आपण शोधायचं. जी आणि आर तर सहाव्या जॉर्जलाही चालतात, थेट १९५२ पर्यंत.

आणि पणजोबा १९०८ ला वारले. नानांच्या वहीत तिथीसकट लिहिलेलं आहे.

आता राहिला हस्तिदंत. खऱ्या हस्तिदंताच्या कापलेल्या टोकाला एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी दिसते. हाड असेल तर काळसर ठिपके दिसतात. आमच्या मुठीवर सरळ, समांतर, शिस्तीत ओढल्यासारख्या रेषा होत्या. इतकी शिस्त हत्तीला जमत नाही. मी अंगठ्याने मूठ जोरात घासली आणि नाकाशी नेली.

कापूर.

"अरे, येणारच कापराचा वास," आत्या म्हणाली. "देवघरात असतो ना तो. मी लहान होते तेव्हापासून तसाच वास येतो."

सेल्युलॉइड नावाचा पदार्थ कापसापासून केलेल्या नायट्रोसेल्युलोजमध्ये कापूर घालून करतात. अमेरिकेत जॉन हायटने तो १८७० च्या सुमारास काढला, तोही बिलियर्डच्या चेंडूंसाठी हस्तिदंताला पर्याय म्हणून. पुढे कंगवे, फिल्म, चाकूच्या मुठी, सगळं त्याचं झालं. जुना झाला की त्यातून आम्लाची वाफ सुटते आणि पातं गंजतं. धाकटं पातं मुठीत जिथे टेकतं तिथेच खाल्लेलं होतं. (खात्री करायला तापलेली सुई टोचा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, सेल्युलॉइड भसकन पेटतं.)

भावाला कळवलं. तो हिरमुसला. मी म्हटलं, बरंच झालं की, हस्तिदंत असता तर विकताच आला नसता. १९९१ च्या दुरुस्तीनंतर आपल्याकडे आयात केलेल्या हस्तिदंताचा व्यापारही बंद आहे.

आत्याला काय सांगायचं, हा खरा प्रश्न होता. ती आता ८४ वर्षांची आहे. मी घुटमळत होतो, तर तिनेच विचारलं, "नाहीये ना तो साहेबाचा?"

मी तारखा सांगितल्या. तिने चाकू हातात घेतला, मोठं पातं उघडलं, मिटलं. मग म्हणाली, "नाना सांगायचे, आईने आयुष्यात एकदाच मारलं. वडील गेल्यावर त्यांची काहीतरी वस्तू नानांच्या हातून नदीत पडली होती. कुठली वस्तू ते कधी बोलले नाहीत."

नाना तेव्हा सात-आठ वर्षांचे असतील.

चाकू बंद डब्यात ठेवू नकोस, वारा लागू दे, असं मी तिला सांगितलं. ब्रासोने घासायचा नाही हेही सांगितलं, खूण झिजते. भावाचा रात्री पुन्हा मेसेज होता, जॉर्जच्या काळातल्याला साधारण किती येतील म्हणून. अजून उत्तर दिलेलं नाही.