टाळापासून बीटपर्यंत

अमेरिकन मराठी मिशनचे काम 1813 साली मुंबईत सुरू झाले. नगरचे ठाणे 1831 च्या अखेरीस बसले आणि 1842 साली नगरलाच ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघाले. शाळा, छापखाना, दुष्काळातले काम यांची हकिगत पुष्कळांनी लिहिली आहे. इथे फक्त गाण्याचे बोलू, कारण तरुण पोरे चर्चला टिकतात की नाही हे बऱ्याचदा गाण्यावर ठरते.

आरंभीची उपासना विलायती चालींवर चाले. मिशनरी हेन्री बॅलंटाइन यांनी मनापासून मराठी गीते रचली. पण परक्या चालीत मराठी अक्षरांची ओढाताण व्हायचीच. मग 1860 च्या दशकात कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले. पूर्वरंग, उत्तररंग, टाळ-मृदंग, मागे झीलकरी आणि आख्यान मात्र येशूचे. हे देवळातले वाद्य चर्चमध्ये कशाला, अशी शंका तेव्हाही होती. पण नगर आणि शिरूर या मिशनच्या दोन ठाण्यांच्या मधल्या सुप्यासारख्या गावी प्रवचनाला कोण थांबणार? कीर्तनाला मात्र पार भरतो. शिवाय मंडळीत आलेले बहुसंख्य लोक ज्या वस्त्यांतून आले, तिथे एकतारी आणि भजन आधीपासून होते. त्यांच्या पोरांना ताल शिकवावा लागला नाही.

ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत झाला. ते नगरला राहू लागले आणि या गाण्याला कवी मिळाला. ‘उपासना संगीत’ या गाण्यांच्या पुस्तकात मोठा वाटा त्यांचा आहे. त्यांच्या घरी तरुण बालकवीही राहून गेले. ‘ख्रिस्तायन’ टिळकांच्या हातून अपुरे राहिले. ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरे केले आणि 1938 साली प्रसिद्ध झाले. ज्या बाईला लग्नानंतर अक्षरओळख झाली, तिने ओवीबद्ध ग्रंथ तडीस नेला, हे मला या साऱ्या वाटचालीतले सर्वांत मोठे काम वाटते.

पुढे पेटी-तबल्याशेजारी गिटार आली, कीबोर्ड आला. 1970 साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले; कारभार बदलला, गाण्याचे पुस्तक घराघरांत तेच राहिले.

आता रॅपची पाळी. हिप-हॉप न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये 1973 च्या सुमारास, गरीब वस्तीच्या पार्ट्यांतून उभे राहिले. 1985 साली स्टीफन वाइलीने ‘बायबल ब्रेक’ हा ख्रिस्ती रॅपचा अल्बम काढला. लेक्रे या ख्रिस्ती रॅपरच्या ‘ग्रॅव्हिटी’ला 2013 साली ग्रॅमी मिळाले आणि पुढच्याच वर्षी त्याचा ‘अ‍ॅनोमली’ अमेरिकेतल्या सगळ्या अल्बमांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. तिथल्याही पाळकांनी आधी नाके मुरडली होती. सुप्याच्या एमआयडीसीत पाळी संपवून निघालेल्या पोराच्या इअरफोनमध्ये रॅप वाजत असेल, तर त्यात नवल काय? तो रॅप मराठीतही होतो, आणि येशूविषयी नसतो एवढेच.

खरे तर कीर्तनकाराला रॅप समजावून सांगावा लागू नये. एकजण तालात बोलतो, मधेच गातो, मागचे लोक ध्रुपद उचलतात, प्रसंग आजच्या गावातला घेतला जातो. फरक हा की कीर्तनात देव मध्यभागी आणि रॅपमध्ये ‘मी’. ख्रिस्ती रॅप लिहिणाऱ्याची खरी परीक्षा इथेच आहे. शिव्या गाळल्या की गाणे पवित्र होते, हा समज भाबडा आहे.

दुसरा धोका जुनाच. इंग्रजी रॅपचा बीट उचलून त्यावर भाषांतर चिकटवले, की बॅलंटाइनच्या काळातली ओढाताण पुन्हा सुरू. युथच्या शिबिरांत माईक हाती द्यायचा असेल, तर तो ज्याच्या तोंडी नगरी बोली आहे, ज्याने कंपनीतला ओव्हरटाइम पाहिला आहे, त्याच्या हाती द्यावा. शब्द तपासायला कोणी अनुभवी हवाच. असे काम नवे नाही; टिळकही 1912 पासून ‘ज्ञानोदय’चा मराठी भाग सांभाळत होते. तपासणाऱ्याने व्याकरण आणि शास्त्र बघावे, ताल मात्र पोरांवर सोडावा.