काढून ठेवलेले मातेचे दूध

अंगावर पिण्याइतकी ताकद नसलेल्या, रुग्णालयात दाखल नवजातासाठी आईने पिळून काढलेले दूध. ते खोलीच्या तापमानाला चार तास टिकते, असा नियम सर्रास सांगितला जातो. पण तो साधारण २५ अंश सेल्सिअसचा आहे. परभणीत मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा त्यावर विसंबणे धोक्याचे. तिथे दूध काढताच ४ अंशांच्या फ्रीजमध्ये, दाराच्या कप्प्यात नव्हे तर आत मागे ठेवावे. झाकणाच्या निर्जंतुक वाटीवर आईचे नाव, तारीख व वेळ हवीच. अदलाबदल झाली तर परक्या मातेचा संसर्ग बाळापर्यंत पोहोचू शकतो.

थंड दुधाचा कस जातो, त्यापेक्षा पावडर बरी, असा आक्षेप घेतला जातो. काही जिवंत पेशी घटतात हे खरे. प्रतिपिंडे मात्र बहुतांशी टिकतात, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांत आतड्याचा जीवघेणा दाह पावडरच्या दुधावर अधिक आढळतो. दात्या मातांच्या दुधाचीही सोय व्हावी म्हणून डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात आशियातील पहिली मानवी दुग्धपेढी उभारली. असे दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटे तापवून गोठवतात. स्वतःच्या आईच्या दुधाला एरवी हे पाश्चरीकरण लागत नाही. गोठलेले दूध कोमट पाण्यात वितळवावे, उकळू नये, पुन्हा गोठवू नये.