पोलीस पाटील : नेमणूक कोण करतं, प्रशिक्षण किती मिळतं?

पोलीस पाटील सरपंचासारखा निवडून येतो, असा अनेकांचा समज असतो. तसं नाही. या पदासाठी मतदान होत नाही आणि ते आता वंशपरंपरेनंही मिळत नाही. ‘महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, 1967’ नुसार ही नेमणूक होते.

नेमणूक कोण करतं?
उपविभागीय अधिकारी, म्हणजे आपले प्रांत. कर्जत आणि खालापूर हे दोन्ही तालुके कर्जत उपविभागात येतात. उमेदवार त्याच गावचा रहिवासी, दहावी पास आणि 25 ते 45 वयाचा असावा लागतो. 80 गुणांची लेखी आणि 20 गुणांची तोंडी परीक्षा होते. चारित्र्य पडताळणीही होते. नेमणूक आधी पाच वर्षांची असते, नंतर मुदतवाढ मिळते. मार्च 2024 मध्ये मानधन दरमहा 6,500 वरून 15,000 रुपये करण्याचा निर्णय झाला.

काम काय?
गावातल्या गुन्ह्यांची व शांतता बिघडवणाऱ्या गोष्टींची माहिती पोलीस ठाण्याला देणं, गुन्हे रोखणं, तपासात मदत करणं. संशयास्पद मृत्यू झाला किंवा बेवारस मृतदेह सापडला, तर पहिली खबर बहुतेक वेळा पोलीस पाटलाकडूनच जाते.

प्रशिक्षण किती?
पोलीस शिपाई भरती झाला की प्रशिक्षण केंद्रात काही महिने शिकतो. असं एक केंद्र घाट चढल्यावर खंडाळ्यालाच आहे. पोलीस पाटलासाठी मात्र ‘आधी प्रशिक्षण, मग पद’ अशी अट नाही. आदेश हातात पडला की काम सुरू. पुढचं शिक्षण तहसील कार्यालयाची शिबिरं, पोलीस ठाण्यातल्या बैठका आणि अनुभव यांतून होतं. अमेरिकेत शेरीफ मतदानाने निवडला जातो, तरी तिथल्या अनेक राज्यांत नव्या शेरीफला ठरावीक प्रशिक्षण घ्यावंच लागतं.

याने फरक काय पडतो?
1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. खुनाचं ‘302’ आता ‘103’ झालं. जुन्या पोलीस पाटलांनाही नवी कलमं शिकावी लागली.

दुसरी गोष्ट आपत्तीची. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. 27 मृतदेह सापडले, 57 जण बेपत्ता राहिले. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. अशा वेळी घरं किती, माणसं किती, त्या रात्री घरी कोण होतं, हे सांगणारा स्थानिक माणूस बचाव पथकाला लागतो. कर्जत-खालापुरात अनेक ठाकूर-कातकरी वाड्या मूळ गावापासून दूर, डोंगराच्या कुशीत आहेत. वाडीवार नोंद ठेवणं, धोक्याची खूण ओळखणं, घटनास्थळ जसंच्या तसं राखणं ही कामं परीक्षेतल्या गुणांनी येत नाहीत, ती शिकवावी लागतात.

तुम्ही काय लक्षात ठेवाल?
• पोलीस पाटलाला सांगितलं म्हणजे एफआयआर झाला, असं नाही. त्यासाठी कर्जत, नेरळ, खालापूर, खोपोली किंवा रसायनी, जे ठाणं तुमच्या गावाला लागू असेल तिथं जा. हद्द दुसरी असली तरी कुठल्याही ठाण्यात तक्रार नोंदवता येते.
• तातडीच्या वेळी आधी 112 ला फोन करा, मग पोलीस पाटलाला कळवा.
• मृतदेह किंवा घटनास्थळावरच्या वस्तू हलवू नका. जखमीला मात्र लगेच दवाखान्यात न्या.